लोकनायक अणे : पुसदचें गवत आणि वऱ्हाडचा कायदा

वऱ्हाडांत जुने कागद शोधीत फिरणारा संग्राहक प्रथम देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत शिरतो, तेथून महानुभावांच्या मठांत जातो, आणि जुन्या वकिलाच्या घरावरून मात्र सरळ पुढें निघून जातो. सनदा, महजर, वतनपत्रें आणि पोथ्या ह्यांना साधनाची प्रतिष्ठा मिळाली. वकीलपत्रें, फिर्यादी, कैफियती आणि जबान्यांच्या नकला ह्यांना ती अद्याप मिळालेली नाहीं. यवतमाळ जिल्ह्यापुरतें पाहतां ही उपेक्षा विशेष चमत्कारिक वाटते. ह्या जिल्ह्यांतील संशोधनाचा पाया घालणारे शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे हे स्वतः यवतमाळचे वकील होते. महानुभावीय मराठी वाङ्मयाचा जो परिचय त्यांनीं महाराष्ट्रास करून दिला, त्यामागें दस्तऐवज वाचण्याची, साक्ष तपासण्याची आणि पुराव्यावांचून विधान न करण्याची वकिली शिस्त होती, असें त्यांचें लेखन वाचणारास पदोपदीं दिसतें. ज्या बाररूममधून संशोधक निघाला, तिच्याच पलीकडच्या खुर्चीवर बसणाऱ्या दुसऱ्या वकिलाचें, म्हणजे लोकनायक माधव श्रीहरि उर्फ बापूजी अणे ह्यांचें, स्मरण येथें करावयाचें आहे.

अणे ह्यांचीं चरित्रें आहेत, त्यांच्या नांवाच्या संस्था आहेत, वणी व यवतमाळ येथें त्यांचें नांव कोणास सांगावें लागत नाहीं. त्यामुळें त्यांचें समग्र चरित्र सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. आम्हांस येथें एकच गोष्ट उलगडून दाखवावयाची आहे. ती ही कीं, आयुष्यभर कायद्याचा आदर करणारा, स्वभावानें सावध आणि राजकारणांत प्रतिसहकारवादी म्हणून ओळखला गेलेला हा वकील, इ. स. १९३० च्या पावसाळ्यांत पुसदच्या राखीव जंगलांत जाऊन उघडपणें गवत कापतो, ह्या कृत्याचा कायद्याच्या दृष्टीनें अर्थ काय? चरित्रकार बहुधा हा प्रसंग शौर्याचा म्हणून वर्णितात आणि पुढें जातात. आमच्या मतें त्याचें खरें मर्म वऱ्हाडच्या विलक्षण कायदेशीर स्थितींत आहे, आणि ती स्थिति ध्यानांत घेतल्यावांचून अणे ह्यांची वकिली व त्यांचा कायदेभंग ह्यांतील सांधा दिसत नाहीं.

आरंभीं चरित्रांतील जरूर तेवढा भाग सांगतों. बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजीं वणी येथें झाला. त्या वेळीं हल्लींच्या यवतमाळ जिल्ह्यास 'वणी जिल्हा' असेंच नांव होतें, आणि इंग्रजी कागदांत तें 'वून' असें लिहिलें जाई. नागपूरच्या मॉरिस कॉलेजांतून पदवी घेतल्यावर १९०४ ते १९०७ पर्यंत त्यांनीं अमरावतीस काशीबाई खाजगी हायस्कुलांत शिक्षकाचें काम केलें. १९०७ सालीं कलकत्ता विश्वविद्यालयाची कायद्याची पदवी मिळाली आणि १९०८ सालीं ते यवतमाळच्या न्यायालयांत वकिली करूं लागले. शिक्षकी अशी तीनच वर्षें झाली; परंतु तिची छाप पुढें त्यांच्या प्रत्येक कामावर राहिली, असें आम्हांस वाटतें. टिळकांनीं पुण्यांत कायद्याचा वर्ग चालविला होता हें प्रसिद्धच आहे. टिळकांच्या ह्या शिष्यानें कायद्याची शिकवण दिली ती सभेंतून, वर्तमानपत्रांतून आणि पुढें कायदेमंडळांतून दिली, आणि त्या वर्गाचे विद्यार्थी वऱ्हाडचे शेतकरी होते.

वकिली सुरू झाली तें साल साधें नव्हतें. २२ जुलै १९०८ रोजीं मुंबईस टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. यवतमाळास त्या वेळीं 'हरिकिशोर' नांवाचें साप्ताहिक निघत असे, आणि त्या पत्रावरही राजद्रोहाचें किटाळ आलें. ह्या पत्राशीं ज्यांचें नांव निगडित आहे ते पृथ्वीगीर हरिगीर गोसावी आमच्या वाचकांस वेगळ्या कारणानें परिचित असतील. 'गोसावी व त्यांचा संप्रदाय' हा ग्रंथ त्यांचाच. एकाच गृहस्थाच्या हातून राजद्रोही ठरलेलें पत्र आणि एका संप्रदायाचा साधनसिद्ध इतिहास हीं दोन्ही निघावीं, हें यवतमाळच्या त्या पिढीचें वैशिष्ट्य होय. 'हरिकिशोरां'तील लेखनाच्या निमित्तानें अणे ह्यांची वकिलीची सनद एक वर्षापुरती स्थगित करण्यांत आली. ज्याची वकिली नुकतीच कोठें सुरू झाली आहे अशा तरुणास हा घाव लहान नव्हे. अशिलांचा विश्वास बसावयास वर्षें लागतात, आणि सनद गेली कीं तो एका दिवसांत उडतो. येथें एक गोष्ट नमूद करावयास पाहिजे. सनद ही न्यायालयानें दिलेली परवानगी असते आणि तिच्यासंबंधींची कारवाई वकिलाच्या वर्तणुकीबद्दल म्हणून होते. मत मांडल्याची शिक्षा ही अशी व्यवसायाच्या शिस्तीचें रूप घेऊन येते, हा धडा अणे ह्यांना वयाच्या तिसाव्या वर्षाच्या आंतच मिळाला. पुढें १९१८ सालीं यवतमाळीं 'लोकमत' साप्ताहिक निघालें, त्याच्या मुळाशींही अणेच होते. सनदेचा अनुभव घेऊनही लेखणी त्यांनीं खालीं ठेविली नाहीं, असा त्याचा अर्थ आहे.

आतां वऱ्हाडच्या स्थितीकडे वळूं. हा भाग कांहींसा रुक्ष आहे, परंतु पुढील सर्व विवेचन त्यावर उभें असल्यामुळें तो टाळतां येत नाहीं.

१८५३ च्या तहानें निजामानें वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यांत दिलें. देऊन टाकलें नाहीं. फौजेच्या खर्चाच्या फेडीकरितां प्रांताचा कारभार इंग्रजांकडे आला, मालकी निजामाचीच राहिली. म्हणूनच जुन्या कागदांत ह्या प्रांतास 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स', म्हणजे हैदराबादचे लावून दिलेले जिल्हे, असें म्हटलें आहे. लॉर्ड कर्झनच्या वेळीं, नोव्हेंबर १९०२ मध्यें, दुसरा करार होऊन वर्षाकांठीं पंचवीस लक्ष रुपयांच्या मोबदल्यांत वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानें इंग्रज सरकारकडे गेलें, आणि १ ऑक्टोबर १९०३ पासून तें मध्यप्रांताच्या कारभारास जोडण्यांत आलें. कायमचा पट्टा झाला तरी पट्टा तो पट्टाच. वऱ्हाड हा कायद्याच्या भाषेंत 'ब्रिटिश हिंदुस्थान' कधींच झाला नाहीं. निजामाचा ह्या प्रांतावरील हक्क सांगण्याचा प्रयत्न १९२६ सालापर्यंत चालू होता. त्या सालच्या मार्च महिन्यांत व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग ह्यांनीं निजामास जें खरमरीत पत्र लिहिलें तें ह्याच तंट्यांतलें. १९३६ च्या करारांत पुन्हा निजामाचें स्वामित्व मान्य करून त्याच्या वारसास 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब देण्यांत आला.

ह्याचा परिणाम असा कीं, नागपूरच्या रहिवाशास लागू होणारा कायदा वर्धा नदी ओलांडून वऱ्हाडांत आपोआप येत नसे. परकीय मुलुखांतील अधिकाराच्या जोरावर गव्हर्नर जनरलनें जाहीरनामा काढावा आणि अमुक कायदा, अमुक फेरफारांसह, वऱ्हाडांत लागू केला असें म्हणावें, तेव्हां तो कायदा वऱ्हाडांत यावयाचा. लोकप्रतिनिधींची संमति तर लांबच, कायदे करणाऱ्या सभेची चर्चासुद्धां ह्या वाटेंत लागत नसे. वणी किंवा दारव्हा येथील वकिलास म्हणून एक जादा अभ्यास करावा लागे: कायदा काय आहे हें पाहण्यापूर्वीं तो येथें आहे कीं नाहीं हें पाहावयाचें. जुन्या वऱ्हाडी वकिलांच्या संग्रहांत जाहीरनाम्यांचीं जाडजूड बाडें सांपडतात, त्यांचें कारण हें आहे. संग्राहकांनीं तीं रद्दी समजून टाकूं नयेत.

ह्याच विचित्र स्थितीचा दुसरा मासला अणे ह्यांच्या स्वतःच्या पदाचा. १९१९ च्या सुधारणांनंतर दिल्लीस जें मध्यवर्ती कायदेमंडळ झालें, त्यांत वऱ्हाडचा प्रतिनिधि म्हणून अणे ह्यांनीं पुष्कळ वर्षें काम केलें. परंतु वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानांत नसल्यामुळें तेथील मतदारांनीं निवडलेला मनुष्य कायद्यानें 'निवडलेला सभासद' होऊं शकत नसे. म्हणून मतदारांनीं निवड करावयाची आणि मग सरकारनें त्याच माणसाची 'नेमणूक' करावयाची, असा द्राविडी प्राणायाम ठरविण्यांत आला. कायदेमंडळाच्या छापील वृत्तांतांत इतर सभासदांच्या नांवापुढें त्यांचा मतदारसंघ येतो. अणे ह्यांच्या नांवापुढें 'वऱ्हाडचे प्रतिनिधि' एवढेंच असतें. वृत्तांत चाळतांना हा भेद सहज नजरेंतून निसटतो. ज्या मनुष्यास लोकांनीं निवडून दिलें तो कागदोपत्रीं सरकारनियुक्त ठरावा, आणि जो स्वतः कायद्यानें निजामाचा प्रजाजन त्यानें दिल्लीस बसून ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे करण्यांत भाग घ्यावा, ह्याहून अधिक उपरोध नाटककारासही सुचला नसता.

ह्या पार्श्वभूमीवर १९२८ सालची एक घटना फार महत्त्वाची ठरते, आणि वऱ्हाडांत लिहिलेल्या लेखांत तिचा उल्लेख पुरेसा होत नाहीं अशी आमची तक्रार आहे. सायमन कमिशनास उत्तर म्हणून सर्वपक्षीय परिषदेनें हिंदुस्थानच्या राज्यघटनेचा मसुदा करण्यासाठीं पंडित मोतीलाल नेहरू ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. सर तेजबहादुर सप्रू, सर अली इमाम, सुभाषचंद्र बोस, सरदार मंगलसिंग, शुएब कुरेशी अशीं नांवें तींत होतीं, आणि त्यांच्याबरोबर अणे होते. ह्या समितीच्या अहवालांत नागरिकांच्या मूलभूत हक्कांचें स्वतंत्र कलम आहे. कायद्यास अनुसरून असेल तेव्हांखेरीज कोणाचें स्वातंत्र्य हिरावलें जाऊं नये, कोणाच्या घरांत शिरतां येऊं नये, कोणाची मालमत्ता जप्त होऊं नये. सदसद्विवेकबुद्धीप्रमाणें धर्म पाळण्याची, मत बोलून दाखविण्याची व निःशस्त्र जमण्याची मुभा असावी. कायद्यापुढें सर्व सारखे असावेत. सार्वजनिक रस्ते आणि विहिरी सर्वांस खुल्या असाव्यात. स्त्रीपुरुषांचे नागरिक म्हणून हक्क समान असावेत. बेकायदा अटकेविरुद्ध हेबियस कॉर्पसचा अर्ज करतां यावा. आज हें सर्व आपण राज्यघटनेंत वाचतों म्हणून तें नित्याचें वाटतें. १९२८ सालीं, आणि तेंही ज्याच्या जिल्ह्यांत कायदा जाहीरनाम्याच्या वाटेनें येत असे अशा वकिलाच्या सहीनें, हें लिहिलें गेलें ह्याचें मोल निराळें आहे. समितींत कोणी कोणता शब्द सुचविला ह्याचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. मत लिहिल्याबद्दल सनद गमावलेला माणूस मतस्वातंत्र्याच्या कलमाखालीं सही करतो, एवढी गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

आतां पुसद. १९३० च्या एप्रिलांत मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हां वऱ्हाडास समुद्र नव्हता. अकोला जिल्ह्यांत दहिहंडा येथें खाऱ्या पाण्याच्या विहिरींचा उपयोग करून मीठ तयार करण्यांत आलें आणि कायदा मोडण्यांत आला. परंतु मिठाचा प्रश्न वऱ्हाडी शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा व्हावा तितका झाला नाहीं. त्याचा रोजचा झगडा जंगल-खात्याशीं होता. बैलांना चारा, नांगर-वखराला लांकूड, कुडाला काट्या, चुलीला जळण ह्या सर्वांसाठीं पूर्वीं गांवचा माणूस गांवच्या रानांत जात असे. १८८६ सालीं वऱ्हाडसाठीं वेगळा जंगलकायदा झाला, रानांची मोजणी व वर्गवारी झाली, इमारती लांकडाचीं रानें, गवताचे रमणे आणि चराईचीं रानें अशी वांटणी ठरली, आणि जी गोष्ट वहिवाट होती ती परवान्याची झाली. परवाना काढा, चराईची फी भरा, गार्डाची मर्जी सांभाळा. चुकलें तर गुरें कोंडवाड्यांत. ह्या जाचाविषयीं वऱ्हाडी खेड्यांत जितक्या म्हणी आणि शिव्या आहेत तितक्या सारावसुलीविषयींही नसतील. गांवांत राहिलेल्या चराईच्या जमिनीस आजही शेतकरी 'ई-क्लास' म्हणतो. त्या जुन्या वर्गवारीचा शब्द इतका मुरला आहे कीं तो इंग्रजी आहे हेंही कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

तेव्हां वऱ्हाडच्या पुढाऱ्यांनीं जंगलकायदा हें कायदेभंगाचें क्षेत्र निवडलें, आणि १० जुलै १९३० रोजीं पुसदजवळच्या धुंदीच्या जंगलांत अणे ह्यांनीं गवत कापून सत्याग्रहास सुरुवात केली. त्यांना पकडण्यांत आलें आणि सहा महिन्यांची शिक्षा झाली. लगोलग हें लोण जिल्हाभर व जिल्ह्याबाहेर पसरलें. २१ जुलै रोजीं यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या जंगलांत डॉ. केशव बळीराम हेडगेवार ह्यांनीं आपल्या तुकडीसह सत्याग्रह केला; त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा होऊन अकोल्याच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. सप्टेंबरांत कुलाबा जिल्ह्यांत चिरनेर येथें जंगल-सत्याग्रहाच्या वेळीं गोळीबार झाला.

एक बारीकशी गोष्ट शेतीची माहिती असणारास लगेच खटकेल. जुलैच्या दहा तारखेस वऱ्हाडांत गवत असतें केवढें? पाऊस पडून महिनाही झालेला नसतो; पात घोट्याच्या वर फारशी आलेली नसते. गवताची खरी कापणी दसऱ्यादिवाळीनंतर, गवत पिवळें पडल्यावर होते. म्हणजे जें कापलें त्याची बाजारांतली किंमत शून्याच्या जवळपास होती. आणि नेमकें ह्याच मूठभर ओल्या गवतावर कायद्याचा सर्व भार पडला.

कारण ह्या सत्याग्रहांत केवळ जंगलकायद्याचा भंग म्हणून दंड करून सरकार थांबलें नाहीं. सत्याग्रहींवर दंडसंहितेचें ३७९ वें कलम, म्हणजे चोरीचें कलम, लावण्यांत येऊं लागलें. हेडगेवार ह्यांची शिक्षा ११७ आणि ३७९ ह्या कलमांखालचीच होती. हा फरक किती मोठा आहे हें वकिलास सांगावयास नको, परंतु सर्व संग्राहक वकील नसतात म्हणून थोडें विस्तारानें सांगतों.

दंडसंहितेच्या ३७८ व्या कलमांत चोरीची व्याख्या आहे. जंगम वस्तु दुसऱ्याच्या ताब्यांतून, त्याच्या संमतीवांचून, अप्रामाणिक हेतूनें हलविणें म्हणजे चोरी. जमिनींत उगवलेलें गवत जंगम नव्हे. तें जमिनीला लागलेलें असेपर्यंत चोरीचा विषयच होऊं शकत नाहीं. मात्र कलमाखालील पहिल्या स्पष्टीकरणांत म्हटलें आहे कीं तें जमिनीपासून तुटलें कीं तत्क्षणीं चोरीस पात्र होतें, आणि दुसऱ्या स्पष्टीकरणाप्रमाणें ज्या क्रियेनें तोडलें त्याच क्रियेनें तें हललें तरी चोरी होऊं शकते. दुसऱ्याच्या जमिनीवरील झाड तोडण्याचें उदाहरणच कलमाखालीं पहिलें दिलें आहे. म्हणजे विळ्याच्या एका फेऱ्यांत स्थावराचें जंगम होतें आणि शेतकऱ्याचा चोर होतो.

परंतु व्याख्येंत एक शब्द उरतो: अप्रामाणिकपणें. दुसऱ्यास गैर नुकसान किंवा स्वतःस गैर लाभ व्हावा हा हेतु असल्याखेरीज चोरी होत नाहीं. म्हणूनच आपला हक्क आहे असें जो प्रामाणिकपणें मानतो आणि उघडपणें वस्तु उचलतो, तो चुकत असला तरी चोर ठरत नाहीं, हें तत्त्व न्यायालयें फार दिवस मानीत आलीं आहेत. आतां विचार करा. आधीं जाहीर केलें आहे, दिवस व जागा सांगितली आहे, पोलीस हजर आहेत, हजारों लोकांसमक्ष गवत कापलें जात आहे, कापणारा स्वतः नामांकित वकील आहे आणि त्या गवताची किंमत त्याच्या एका दिवसाच्या फीच्या शतांशही नाहीं. ह्यांत अप्रामाणिक हेतु शोधावा कोठें? बचाव करावयाचा असता तर पुसदच्या कोणत्याही वकिलानें ह्या मुद्द्यावर दोन तास भाषण केलें असतें. पण सत्याग्रहीनें बचाव करावयाचा नाहीं हा त्या चळवळीचा दंडक होता. अशा रीतीनें कायद्याचा सर्वांत बळकट मुद्दा ज्याच्या हातीं होता तोच तो न वापरतां तुरुंगांत गेला.

आमच्या मतें अणे ह्यांच्या वकिलीचा हा कळस आहे, आणि तो कोणत्याही लॉ-रिपोर्टांत सांपडणार नाहीं. चोरी कोणाची, ह्या प्रश्नाच्या आधीं मालक कोण, हा प्रश्न येतो. सरकार म्हणे रान सरकारचें. पण वऱ्हाडांत सरकार स्वतः पट्टेदार होतें. ज्या कागदाच्या जोरावर तें रानावर हक्क सांगत होतें तो निजामाशीं केलेला करार होता, आणि त्या करारांत ज्यांचीं गुरें त्या रानांत चरत त्यांस कोणी विचारलें नव्हतें. पट्टेदारानें वहिवाटदारास चोर म्हणावें, असा हा खटला होता. अणे ह्यांनीं त्या दिवशीं हा युक्तिवाद केला असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु वऱ्हाडच्या जाहीरनाम्यांत बावीस वर्षें वावरलेल्या वकिलास तो ठाऊक नसणें शक्य नव्हतें. ह्याच कारणास्तव हा कायदेभंग आम्हांस त्यांच्या कायदेपणाशीं विसंगत वाटत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल कीं प्रतिसहकारवाद्यानें असें करणें हा धरसोडपणा होता. १९२६ च्या सुमारास केळकर, जयकर, मुंजे ह्यांच्याबरोबर कायदेमंडळांत अधिकार हातीं घेऊन काम करावें असें म्हणणारे अणे चारच वर्षांनीं विळा घेऊन रानांत गेले. १९३३ सालीं काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष असतांना सामुदायिक कायदेभंग थांबविण्याचें पत्रकही त्यांच्याच नांवानें निघालें. १९३४ सालीं जातीय निवाड्याच्या प्रश्नावर पंडित मालवीय ह्यांच्याबरोबर त्यांनीं निराळा पक्ष काढला. आणि १९४१ सालीं तर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत जागा पत्करली. ह्या शेवटच्या गोष्टीबद्दल त्यांच्यावर झालेली टीका आम्हांस सर्वस्वीं अन्याय्य वाटत नाहीं. १९४२ च्या ऑगस्टांत देशभर धरपकड चालली असतां ते त्याच मंडळांत होते, हें चरित्रकारानें झांकूं नये. परंतु पुढच्याच वर्षीं, १० फेब्रुवारी १९४३ पासून गांधीजींनीं आगाखान पॅलेसमध्यें एकवीस दिवसांचें उपोषण आरंभिलें आणि सरकार त्यांना सोडीना, तेव्हां सर होमी मोदी व नलिनीरंजन सरकार ह्यांच्यासह अणे ह्यांनीं १७ फेब्रुवारीस राजीनामा दिला, हेंही त्याच पानावर लिहिलें पाहिजे.

पुढील पदांची यादी लांब आहे: सिलोनांत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि, १९४८ ते १९५२ बिहारचे राज्यपाल, नंतर नागपुरांतून लोकसभेचे सभासद आणि स्वतंत्र विदर्भाचे पुरस्कर्ते. २६ जानेवारी १९६८ रोजीं ते निवर्तले. त्यांनीं टिळकांवर रचलेलें 'श्रीतिलकयशोऽर्णवः' हें तीन खंडांचें संस्कृत महाकाव्य त्यांच्या मागें प्रसिद्धीस येऊन १९७३ चें साहित्य अकादमीचें पारितोषिक त्यास मिळालें. वकिलाच्या हातून संस्कृत महाकाव्य होणें ही गोष्ट आतां दुर्मिळ झाली आहे. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

कायद्याच्या इतिहासाच्या दृष्टीनें मात्र पुसदच्या गवताचा प्रश्न अणे ह्यांच्याबरोबर संपला नाहीं. २००६ सालच्या वनहक्कांच्या कायद्यानें रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर वननिवासींना चराईचा व गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क लेखी मिळाला. तो सर्व शेतकऱ्यांस नाहीं. पण १९३० सालीं जें म्हणणें मांडावयास तुरुंगांत जावें लागलें त्याचा कांहीं अंश त्यांत आला आहे. दंडसंहिताही आतां राहिली नाहीं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली आणि चोरीची व्याख्या तिच्या ३०३ व्या कलमांत गेली. व्याख्येबरोबर तोडलेल्या गवताचीं तीं स्पष्टीकरणेंही तशींच पुढें गेलीं आहेत.

आतां साधनांविषयीं. अणे ह्यांचे खाजगी कागद दिल्लीस नेहरू स्मारक संग्रहालयांत गेले. २०२३ सालीं त्या संस्थेचें नांव पंतप्रधान संग्रहालय आणि ग्रंथालय असें झालें आहे. कायदेमंडळाचे वृत्तांत छापील आहेत. ह्या दोन्ही ठिकाणांचा उपयोग इंग्रजींत लिहिणाऱ्या अभ्यासकांनीं केला आहे. परंतु जंगल-सत्याग्रहांत शिक्षा झालेल्या शेंकडों साध्या माणसांचा इतिहास दिल्लीस मिळणार नाहीं. तो तालुक्याच्या न्यायालयांतील प्रकरणांत होता, आणि निकाली प्रकरणें ठराविक मुदतीनंतर नष्ट करण्यास १९१७ च्या कायद्यानें परवानगी दिली आहे. सरकारी दप्तरांतील प्रत नाहींशी झाली असेल तेथें वकिलाच्या किंवा आरोपीच्या घरीं राहिलेली नक्कल हीच मूळ प्रत होते. ताम्रपट जपणाऱ्या घरानें आजोबांच्या शिक्षेच्या हुकुमाची नक्कल चुलींत घालावी, असें होऊं नये.

शोध करणारांच्या सोयीसाठीं स्थळांविषयीं एक सूचना आहे. १९०५ पूर्वींचे यवतमाळकडील कागद 'यवतमाळ' ह्या नांवाखालीं शोधूं नयेत. ते 'वून' किंवा वणी जिल्ह्याच्या नांवानें नोंदलेले असतात. पुसद तालुका तर त्या सालापर्यंत ह्या जिल्ह्यांत नव्हताच. तो वाशिम जिल्ह्यांत होता, आणि तो जिल्हा मोडल्यावर यवतमाळास आला. त्यामुळें पुसदकडील रानांची पहिली मोजणी, चराईचे पहिले तक्ते आणि वहिवाटीबद्दल गांवकऱ्यांनीं केलेले अर्ज पाहावयाचे असतील तर वाशिमच्या जुन्या नांवानिशीं तपास करावा लागेल. नागपुरास हायकोर्ट १९३६ सालीं झालें. त्यापूर्वींचे वरच्या न्यायालयाचे निकाल ज्युडिशियल कमिशनरच्या नांवाखालीं आहेत. खेड्यांतून फिरतांना पुसद, दारव्हा, केळापूर व वणी येथील जुन्या वकिलांच्या घरीं माळ्यावर बांधून ठेवलेलीं गाठोडीं दिसलीं, तर तीं सोडून निदान यादी करावी: कागदाची तारीख, लिपि मोडी कीं बाळबोध, न्यायालयाचा शिक्का, पक्षकारांचीं गांवें आणि कलम. ३७९ हा आंकडा १९३० च्या जुलै ते डिसेंबर ह्या तारखांच्या शेजारीं दिसला, तर तो कागद वेगळा काढावा.